गाडी हीट होतेय? पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

मार्च लागला की गॅरेजला रोज अशी एक तरी गाडी येते. मालक उतरतानाच निदान सांगतो: "दादा, रेडिएटर गेलाय, बदलून टाका." मी विचारतो, हीट कधी होते? ट्रॅफिकमध्ये, घाटात, की सुरू केल्यावर लगेच? यावर बहुतेक जण गप्प होतात. खरं तर अर्धं निदान त्या एका उत्तरात असतं.

सिग्नलला उभी असताना तापते आणि हायवेला लागली की काटा खाली येतो, तर फॅनकडे बघा. फ्यूज, रिले, मोटर, सेन्सर या क्रमाने. एसी लावला की बहुतेक गाड्यांत फॅन फिरायलाच हवा; एसीवर फिरतो आणि इंजिन तापल्यावर फिरत नाही, तर मोटरला दोष देऊ नका. उलट, उभी असताना ठीक पण चढाला किंवा शंभरच्या वेगाला तापते, तर पाणी नीट फिरत नाही किंवा रेडिएटरच्या जाळीतून (इंजिनाचं गरम पाणी इथेच गार होतं) हवा जात नाही. सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांत काटा वर गेला, तर कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी आणि थर्मोस्टॅट (पाण्याची वाट उघडणारा वॉल्व्ह) आधी तपासा. हे विचारायला पैसा लागत नाही. तरीही लोक थेट पार्ट बदलायला निघतात.

थर्मोस्टॅट काढून टाकणे

या चुकीचा मला मनापासून राग आहे. "आपल्याकडे गरम हवा, थर्मोस्टॅट हवाय कशाला" हे वाक्य आजही गॅरेजांतून ऐकू येतं. थर्मोस्टॅटमधलं मेण साधारण ८२ ते ८८ अंशांना वितळून फुगतं, वॉल्व्ह उघडतं आणि मग पाणी रेडिएटरकडे जातं. तो काढला की इंजिन तापायला फार वेळ घेतं, कंप्युटरला इंजिन थंडच वाटतं, तो जास्त पेट्रोल सोडत राहतो आणि अॅव्हरेज पडतं. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तोच नसेल तर बरंचसं गरम पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनात फिरतं. म्हणजे गाडी जास्त तापते.

पुण्याचं एक कुटुंब खंबाटकी चढताना अडकलं होतं. गाडी टो करून आमच्याकडे आणली. त्याआधी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट काढला होता, फॅन डायरेक्ट केला होता (म्हणजे सेन्सर वगळून सरळ जोडला होता) आणि रेडिएटरही नवा टाकला होता. सपाटीला गाडी ठीक, घाटात पाणी उडवायची. गाडी पूर्ण थंड झाल्यावर मी रेडिएटरचं झाकण काढून उजेडात धरलं. आतल्या रबराला कडेने बारीक चीर, आणि वॉल्व्हच्या स्प्रिंगवर पांढरा खवला. नव्या रेडिएटरवर जुनंच झाकण बसवलं होतं! हे झाकण कुकरच्या शिट्टीसारखं दाब धरून ठेवतं. साधारण एक बार दाब धरला की साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं, कूलंट त्याहून वर. दाब सुटला की चढावर उकळी फुटायचीच. काही शे रुपयांचं झाकण, आणि त्यापायी हजारोंचा खर्च. नवं झाकण, नवा थर्मोस्टॅट टाकला, फॅनची वायरिंग मूळ केली आणि मी स्वतः गाडी घाटात नेऊन आणली. काटा मध्यावरून हलला नाही.

माझी सवय अशी: थर्मोस्टॅटवर संशय आला की तो पातेल्यात पाण्यात टाकायचा, गॅसवर ठेवायचा आणि थर्मामीटर धरून कधी उघडतो ते बघायचं. दहा मिनिटांचं काम आहे. नव्या पोरांना तेवढाही धीर नसतो.

इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडणे

उघडू नका. फडकं धरूनही नाही. किमान अर्धा-पाऊण तास थांबा; वरचा होज (रेडिएटरची रबरी नळी) हाताला पूर्ण गार लागला पाहिजे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेड (इंजिनाचा वरचा भाग) बेंड होऊ शकतं किंवा तडकू शकतं.

बोअरचं पाणी भरणे

त्यातले क्षार जाळीच्या नळ्यांत बसतात. तातडीला चालेल, पण नंतर फ्लश करून (आतून धुऊन) कूलंट भराच. कूलंट रंग बघून घेऊ नका, गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच घ्या.

हवा न काढणे

कूलंट भरलं, झाकण लावलं, काम संपलं असं नसतं; आत अडकलेली हवा काढावी लागते. हीटर फुल गरमवर ठेवून इंजिन चालू ठेवा, फॅन चालू होऊन बंद होईपर्यंत थांबा, गार झाल्यावर पातळी पुन्हा बघा.

जाळी फक्त समोरून धुणे

समोर दिसतो तो एसीचा कंडेन्सर. त्याच्या आणि रेडिएटरच्या मधे चिखल, किडे आणि उसाच्या हंगामात पाचट अडकतं. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर मारा, आणि प्रेशर कमी ठेवा, नाहीतर फिन्स (जाळीच्या पातळ पट्ट्या) वाकतात.

काटा खाली आला म्हणून निर्धास्त होणे

कूलंट पूर्ण गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असताना काटा उतरलेला दिसू शकतो. हल्लीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत तर काटाच नसतो, निळा आणि लाल दिवा असतो. लाल लागला म्हणजे उशीर झालेला असतो. घाटातून नेहमी जाणाऱ्यांनी फोनला जोडायचा साधा स्कॅनर ठेवावा, अंश समोर दिसतात.

"पाणी खाते" म्हणून भरत राहणे

बाहेर थेंब नाही, तरी पातळी उतरते? गार इंजिन सुरू करून कूलंटच्या टाकीत बघा. सतत बुडबुडे येत असतील, होज मिनिटभरात दगडासारखा टणक होत असेल, किंवा ऑइल दुधाळ दिसत असेल तर हेड गॅस्केटवरच (हेडखालच्या सीलवरच) संशय घ्या. इथे लीक बंद करणारी पावडर टाकू नका. तिने हीटर आणि रेडिएटर दोन्ही चोंदतात. "गॅरेज पाचच किलोमीटरवर आहे" म्हणून तशीच चालवत आणलेल्या गाडीचं हेड बहुतेक वेळा लेथवर फेस मारायला (खालची बाजू सपाट करायला) पाठवावं लागतं, कधी कधी नवंच टाकावं लागतं. टोइंगचे पैसे त्यापुढे काहीच नाहीत.