बजीचा पिंजरा स्वयंपाकघरापासून लांब टांगा

पुष्कळ घरांत बजीचा, म्हणजे छोट्या पाळीव पोपटाचा, पिंजरा ओट्याशेजारच्या खिडकीत असतो. तिथून तो आजच हलवा. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत दगावतात, आपल्याला वासही येत नाही. मिरचीची फोडणी, उदबत्ती, डासांची कॉइल यांचा धूरही त्यांच्या नाजूक फुप्फुसांना सोसत नाही.

अंडी घालण्यासाठी पिंजऱ्यात मडकं लावायची घाई एप्रिल-मेमध्ये करू नका. उन्हाच्या तडाख्यात आत बसलेल्या मादीचे फार हाल होतात. पहिले पाऊस पडून हवा निवली की लावा. मादी एक दिवसाआड एक अशी साधारण चार ते सहा अंडी घालते आणि प्रत्येक अंडं सुमारे १८ दिवसांनी फुटतं. म्हणून पिल्लं लहान-मोठी दिसतात. धाकट्याच्या पोटात दाणा आहे ना, एवढं रोज पाहा. मुलांना मात्र सारखं डोकावू देऊ नका.

राळा-बाजरीसोबत कॅल्शियमसाठी समुद्रफेस (कटलफिश या सागरी प्राण्याचं हाड) हवाच, आयुर्वेदिक दुकानात मिळतो. कॅल्शियमअभावी मादीचं अंडं पोटात अडकू शकतं, आणि अशी फुगून खाली बसलेली मादी दिसली की ऊब देत लगेच पशुवैद्याकडे न्या. दोन वेळा पिल्लं झाली की मडकं काढून ठेवा, तिला विश्रांती द्या.