मेडिटरेनियन खायचंय? आधी लादेरा करून बघा

मेडिटरेनियन डाएट म्हटलं की लोक महागडं ऑलिव्ह ऑइल आणतात आणि बाकी ताट तेच ठेवतात, मग काय उपयोग! हे डाएट ज्यांच्या खाण्यावरून आलं ते 1960च्या आसपासचे ग्रीसमधल्या क्रीट बेटावरचे शेतकरी तेल भरपूर खायचे पण मटण क्वचितच, रोजचं म्हणजे ब्रेड, कडधान्यं, रानातल्या पालेभाज्या, फळं आणि वाइन असलीच तर जेवणासोबत थोडीशी.

सुरुवात ग्रीक लादेरापासून करा, म्हणजे ऑलिव्ह ऑइलमध्ये शिजवलेल्या भाज्या. फरसबी, कांदा, टोमॅटो ऑलिव्ह ऑइलमध्ये मंद आचेवर एकदम मऊ होईपर्यंत शिजवायचं, सोबत ब्रेड आणि फेटा चीजचा छोटा तुकडा, बस, हेच मेन जेवण (मी साइड डिश समजून वर चिकनपण केलं होतं, हसू नका). आणि गॅस बंद केल्यावर अर्धा तास तसंच राहू द्या, कोमटच भारी लागतं.