ओब्राकच्या पठारावर राहायला येणाऱ्या मराठी मंडळींसाठी

दक्षिण फ्रान्समधील आवेरों जिल्ह्यात, सें-शेली-दोब्राक किंवा त्याच्या आसपासच्या एखाद्या लहान शेतकरी गावात घर घेणाऱ्यांनी आधी एक ध्यानात घ्यावे की येथील वारसा गावकऱ्यांच्या रोजच्या कामात आहे आणि त्या कामात आपण आडवे येऊ नये, एवढीच त्यांची नवागताकडून अपेक्षा असते.

२५ मेच्या सुमारास खालच्या खोऱ्यांतील शेतकरी ओब्राक जातीच्या गाई उन्हाळी चराईसाठी पठारावर नेतात. या गाई फिकट तपकिरी रंगाच्या आणि डोळ्यांत काजळ घातल्यासारख्या दिसतात. त्या दिवशी त्यांच्या शिंगांना कागदी फुले आणि झेंडे बांधतात व गळ्यात जड घंटा घालतात. कळप रस्त्यात भेटल्यास गाडी कडेला घेऊन स्वस्थ थांबावे, हॉर्न मुळीच वाजवू नये. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत गाई वरच असतात, त्यामुळे घंटांचा आवाज रात्रीही कानांवर येतो. त्याबद्दल तक्रार करण्यापूर्वी २९ जानेवारी २०२१ चा कायदा माहीत असावा. ग्रामीण भागातील आवाज आणि वास हेही त्या प्रदेशाच्या वारशात मोडतात, असे त्यात मान्य केले आहे. शेणाच्या वासाचीही कटकट करू नये. आपल्यापैकी अनेकांना तो परका नाही.

पठारावर विखुरलेल्या दगडी झोपड्यांना ब्युरों म्हणतात. गुराखी उन्हाळाभर तेथे राहून चीज बनवीत. आता बहुतेक ब्युरों बंद पडले असून काहींत खानावळी चालतात. १९६१ पासून उत्पत्तिस्थानाचे संरक्षण लाभलेले लायोल चीज कच्च्या दुधाचे असते आणि किमान चार महिने मुरवले जाते. त्याच्याच ताज्या, न मुरवलेल्या रूपात उकडलेले बटाटे, लोणी, साय आणि लसूण घोटून तार सुटणारा आलिगो करतात. तो सहसा सॉसेजसोबत वाढतात, म्हणून शाकाहारी मंडळींनी ऑर्डर देतानाच सांगावे. कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी हेही जाणून घ्यावे की दूध विरजताना वासराच्या जठरातील रेनेट वापरतात.

जुने घर दुरुस्त करायचे असल्यास मात्र घाई नडते. ल प्युई या फ्रेंच शहरातून निघणारी, स्पेनमधील सांतियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राकडे नेणारी यात्रावाट सें-शेली-दोब्राकमधून जाते, तिच्यावरील येथील जुना पूल १९९८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आणि संरक्षित वास्तूच्या परिसरात, साधारणतः ५०० मीटरच्या आत, घराच्या बाह्य रूपात बदल करण्यासाठी सरकारी वास्तुविशारदाची संमती लागते. खिडकीचा रंग बदलायचा असो की छपरावरील लोझ, म्हणजे दगडी फरश्या, काढायच्या असोत, आधी मेरीत (ग्रामपंचायत कार्यालयात) अर्ज द्यावा. अशा भागात उत्तरासाठी साधारण दोन महिने धरावेत, आणि गवंड्याला आगाऊ रक्कम त्यानंतरच द्यावी.