होरायझन युरोपमध्ये भागीदार व्हायचं असेल तर: कॉलपासून शेवटच्या हप्त्यापर्यंत

होरायझन युरोप हा युरोपीय संघाचा २०२१ ते २०२७ या सात वर्षांचा संशोधन कार्यक्रम आहे. सुरुवातीला त्यासाठी ९५.५ अब्ज युरो ठरले होते आणि त्यातला निम्म्याहून जास्त पैसा अनेक देशांतल्या संस्थांनी मिळून करायच्या कामांसाठी आहे. अशा प्रकल्पाचा मूळ नियम तीनचा: तीन वेगवेगळ्या देशांतल्या, एकमेकींपासून स्वतंत्र अशा किमान तीन संस्था हव्यात. हे देश संघाचे सदस्य किंवा कार्यक्रमाशी संलग्न असावे लागतात, आणि तिघांपैकी किमान एक संस्था सदस्य देशातली लागते. नॉर्वे, इस्रायल, तुर्की हे संलग्न देश. ब्रिटनही २०२४ पासून संलग्न आहे. एवढे तीन जमले की चौथा, पाचवा, दहावा भागीदार सहसा जगात कुठलाही चालतो.

भारत संलग्न देशांत नाही. कमी उत्पन्नाच्या बऱ्याच देशांतल्या संस्थांना आपोआप निधी मिळतो, पण त्या यादीतही भारत नाही. म्हणजे पुण्यातली एखादी प्रयोगशाळा कन्सॉर्टियममध्ये (भागीदार संस्थांच्या गटात) येऊ शकते, पण सहसा असोसिएटेड पार्टनर म्हणून: काम करायचं, खर्च स्वतःचा. कॉलच्या, म्हणजे अर्ज मागवणाऱ्या जाहीर सूचनेच्या, मजकुरात वेगळं लिहिलं असेल किंवा तुमच्यावाचून काम होणारच नाही हे परीक्षकांना पटलं, तरच ब्रुसेल्सचे पैसे मिळतात. काही कॉलमध्ये भारत सरकारचा विभाग भारतीय भागीदाराचा खर्च उचलतो. तिथे दोन अर्ज असतात, एक युरोपच्या पोर्टलवर आणि दुसरा भारतात. दोन्हीकडच्या मुदती वेगळ्या असू शकतात, त्या पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

एकट्यासाठी निधी हवा असेल तर दार वेगळं आहे. युरोपियन रिसर्च कौन्सिल एका मुख्य संशोधकाला पैसे देते. मेरी क्युरी पोस्टडॉक फेलोशिप कुठल्याही नागरिकत्वाच्या पीएचडीधारकाला खुली आहे. युरोपात यायचं असेल तर एक मुख्य अट अशी की मागच्या ३६ महिन्यांत तुम्ही यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले किंवा काम केलेले नसावं. १९७१ पासून चालू असलेली कॉस्ट ही संस्था बैठका, छोट्या भेटी, प्रशिक्षण शिबिरं यांचा खर्च देते, प्रयोगशाळेतल्या कामाचा नाही. तरीही भावी भागीदार ओळखीचे व्हायला कॉस्टइतकी चांगली जागा दुसरी नाही.

आता मोठ्या प्रकल्पाकडे. आधी कॉलमधला टॉपिक, म्हणजे ज्या विषयावर अर्ज करायचा त्याचा मजकूर, शब्द न् शब्द वाचा. त्यात चार गोष्टी शोधायच्या: कामाचा प्रकार, एका प्रकल्पाला अपेक्षित रक्कम, त्या टॉपिकचं एकूण बजेट आणि ‘अपेक्षित परिणाम’ हा परिच्छेद. एकूण १ कोटी २० लाख युरो आणि प्रकल्पाला ४० लाख असं असेल, तर तीनच प्रकल्प निवडले जाणार. संशोधन-नवोपक्रम प्रकारात खर्च १०० टक्के मिळतो. नुसत्या नवोपक्रम प्रकारात नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला ७० टक्केच मिळतो. कंपनीला हे पहिल्याच बैठकीत सांगा. उरलेले ३० टक्के कुठून आणायचे हा प्रश्न शेवटच्या आठवड्यात निघाला की कंपनी माघार घेते, आणि तिच्या वाट्याचं काम करायला कोणीच उरत नाही.

कोऑर्डिनेटर, म्हणजे सगळ्या भागीदारांच्या वतीने प्रकल्प चालवणारी संस्था, शोधायला कॉर्डिस हा सार्वजनिक डेटाबेस उघडा. जुन्या प्रकल्पांत कोणत्या संस्था होत्या, कोणाला किती रक्कम मिळाली, सगळं तिथे दिसतं. तुमच्या विषयात दोन-तीनदा कोऑर्डिनेटर राहिलेली संस्था शोधून तिथल्या शास्त्रज्ञाला लिहा. पत्रात संस्थेचा इतिहास नको. आम्ही हे मोजू शकतो, आमच्याकडे हे उपकरण किंवा हा डेटा आहे, अमुक कामासाठी इतके मनुष्य-महिने (एका माणसाचं महिनाभराचं काम म्हणजे एक) लागतील, आणि हा आमचा पीआयसी क्रमांक: एवढ्या चार ओळी पुरतात. पीआयसी म्हणजे पोर्टलवर संस्थेची नोंदणी केल्यावर मिळणारा नऊ अंकी क्रमांक. मोठ्या विद्यापीठाकडे तो बहुधा असतोच. नवा काढण्याआधी शोधून पाहा, नाहीतर एकाच संस्थेच्या दोन नोंदी होतात आणि पडताळणी अडकते. युरोपातल्या विद्यापीठांना, संशोधन संस्थांना आणि सरकारी संस्थांना लिंगसमानता आराखडाही लागतो. तो करारावर सही होण्याआधी संस्थेच्या वेबसाइटवर प्रसिद्ध झालेला हवा.

सगळ्यात जास्त वेळ कामाची वाटणी आणि बजेट यांना द्या. प्रपोजलचा मजकूर कितीही सुंदर असला तरी कोण, काय, कोणत्या महिन्यात आणि किती मनुष्य-महिन्यांत करणार हा तक्ता कच्चा असेल, तर अनुभवी परीक्षकाला तो लगेच दिसतो. एका भागीदाराचा हिशेब इथे नमुन्यादाखल मांडतो. आकडे समजण्यापुरते आहेत. संशोधकाचे ३० मनुष्य-महिने, महिना ६,००० युरो, म्हणजे १,८०,०००. प्रवास १२,०००. रसायनं आणि सुटं साहित्य २६,०००. आता ६०,००० युरोंचं उपकरण. इथे बहुतेक जण पूर्ण किंमत लावतात आणि चुकतात, कारण एरवी फक्त घसारा मान्य होतो. उपकरणाचं आयुष्य पाच वर्षं, प्रकल्पात वापर दोन वर्षं, तोही अर्धा वेळ, म्हणून ६०,००० चे दोन-पंचमांश आणि त्याचे निम्मे: १२,०००. बेरीज झाली २,३०,०००. यावर अप्रत्यक्ष खर्च (वीज, जागा, कार्यालय वगैरे) सरसकट २५ टक्के, म्हणजे ५७,५००. बाहेरच्या कंपनीकडून २०,००० युरोंची चाचणी करून घ्यायची असेल, तर ते सबकॉन्ट्रॅक्टिंग. त्यावर २५ टक्के लागत नाहीत, रक्कम तशीच मिळवायची. एकूण ३,०७,५००.

अलीकडे बरेच टॉपिक लम्प सम पद्धतीचे असतात. त्यात खर्चाच्या पावत्या दाखवायच्या नसतात, वर्क पॅकेज (प्रकल्पातल्या कामाचा एक ठरलेला गट) पूर्ण झालं की त्याची ठरलेली रक्कम मिळते. पूर्ण झालं नाही तर त्या हप्त्यात ती रक्कम येत नाही. म्हणून चार वर्षं लांबीचं एकच वर्क पॅकेज करू नका. अहवालाच्या कालखंडाप्रमाणे त्याचे तुकडे पाडा, नाहीतर सगळे पैसे शेवटापर्यंत अडकून राहतात.

प्रपोजलचे दोन भाग असतात. भाग अ पोर्टलवर भरायचा, भाग ब पीडीएफ करून चढवायचा. भाग ब मधले मनुष्य-महिने आणि भाग अ मधलं बजेट जुळत नाही, ही फार वेळा होणारी चूक. वाटणी बदलली की एका ठिकाणी दुरुस्ती होते, दुसरीकडे राहून जाते. म्हणून तक्त्याची मूळ प्रत एकाच माणसाकडे ठेवा, बाकीच्यांनी त्यालाच कळवायचं. पानांची मर्यादा टेम्प्लेटमध्ये दिलेली असते, आणि मर्यादेपलीकडची पानं परीक्षक विचारात घेत नाहीत.

मुदत संपते ब्रुसेल्सच्या घड्याळात संध्याकाळी ५ ला. भारतात तेव्हा उन्हाळ्यात रात्रीचे ८:३० आणि हिवाळ्यात ९:३० वाजलेले असतात. पहिली प्रत दोन दिवस आधीच सादर करा. मुदत संपेपर्यंत नवी प्रत सादर करता येते आणि शेवटची धरली जाते, त्यामुळे लवकर सादर करण्यात तोटा काहीच नाही.

किमान तीन परीक्षक उत्कृष्टता, परिणाम आणि अंमलबजावणी या तीन निकषांवर प्रत्येकी पाचपैकी गुण देतात. एरवी प्रत्येकात किमान ३ आणि एकूण १० लागतात, पण १० ला निधी मिळेल असं समजू नका. चुरशीच्या टॉपिकमध्ये १४ च्या आसपास जावं लागतं. गुण जास्त करून जातात ते ‘परिणाम’मध्ये. तिथे शास्त्रज्ञ आपले शोधनिबंध मोजतात, आणि परीक्षक शोधत असतात ते हे काम कोण वापरणार, कधी आणि कुठल्या मार्गाने. निकाल मुदतीपासून साधारण पाच महिन्यांत आणि करार आठ महिन्यांत होतो.

या मधल्या काळात कन्सॉर्टियम करारावर बसा. हा भागीदारांचा आपसातला करार. डेस्का नावाचा तयार नमुना यासाठी सर्रास वापरतात. कोण आधीचं काय ज्ञान घेऊन येतंय, मिळून लागलेल्या शोधाची मालकी कशी ठरवायची, मतभेद झाला तर मतदान कसं, हे त्यात लिहून काढा. पेटंटचा प्रश्न उभा राहिल्यावर हीच कलमं लिहायला घेतली तर प्रत्येक संस्थेचा वकील मध्ये येतो आणि महिने जातात.

सही झाली की आगाऊ रक्कम कोऑर्डिनेटरकडे येते आणि तो ती वाटतो. तिच्यातून सहसा एकूण अनुदानाच्या ५ टक्के रक्कम परस्पर विमा निधीसाठी (कोणी पैसे बुडवले तर भरपाई करायचा सामाईक निधी) आधीच कापून घेतात, ती शेवटच्या हप्त्याबरोबर परत मिळते. शेवटच्या हप्त्याआधी एकूण ९० टक्क्यांच्या पुढे पैसे येत नाहीत, तेव्हा अखेरच्या वर्षाचे पगार भागवायला संस्थेकडे शिल्लक हवी.

प्रत्यक्ष खर्चाच्या प्रकल्पात दर महिन्याला प्रत्येक संशोधकाने किती दिवस काम केलं याची नोंद ठेवा, तिच्यावर त्याची आणि वरिष्ठाची सही घ्या. दिवसाचा दर काढताना पूर्ण वर्ष काम करणाऱ्याचा वार्षिक पगारखर्च २१५ ने भागतात. म्हणून सगळे प्रकल्प मिळून एका माणसाचे वर्षाला २१५ पेक्षा जास्त दिवस दाखवता येत नाहीत. एकच माणूस चार प्रकल्पांत असला की ही बेरीज हमखास चुकते, आणि ऑडिटमध्ये पहिल्यांदा तपासतात ती हीच. लेखांसाठी पूर्णपणे खुल्या नियतकालिकांचीच फी मान्य आहे, अर्धं खुलं आणि अर्धं वर्गणीचं असलेल्या नियतकालिकांची नाही. अहवाल कालखंड संपल्यावर ६० दिवसांत द्यायचा. सगळे कागद शेवटच्या हप्त्यानंतरही साधारण पाच वर्षं जपून ठेवायचे. प्रकल्पावर ठेवलेली माणसं तोवर पांगलेली असतात, त्यामुळे सहीच्या नोंदी एखाद्याच्या लॅपटॉपवर न ठेवता संस्थेच्या सर्व्हरवर ठेवा.