रंग, रेष आणि पोत : आधी शेजार बघायला शिका

चित्र शिकायला लागलं की रंग वेगळा, रेष वेगळी, पोत वेगळा असं शिकवतात. सुरुवातीला ते ठीक आहे, पण मला वाटतं तिन्हींमध्ये एकच गोष्ट आधी पकडायला हवी, ती म्हणजे शेजार. कुठलाही रंग, कुठलीही रेष एकटी दिसतच नाही, ती शेजारच्याच्या जोरावर दिसते. हे डोळ्यात बसलं की बाकीचं टेक्निक फार पटकन समजतं.

रंगापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. एकाच राखाडी कागदाचे दोन छोटे चौकोन कापा, एक भडक नारिंगीवर ठेवा आणि एक गडद निळ्यावर. नारिंगीवरचा राखाडी जरा निळसर वाटेल आणि निळ्यावरचा जरा नारिंगीकडे झुकलेला वाटेल, शिवाय एक थोडा गडद आणि एक थोडा फिका पण दिसेल, कागद मात्र तोच. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात गालिचे आणि पडदे विणायचे, तिथे रंगाई बघणारे केमिस्ट शेव्हरल यांच्याकडे तक्रार आली होती की काळा धागा फिका दिसतो. त्यांनी तपासलं तर काळा रंग व्यवस्थित होता, तो निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी विणला की मरगळलेला दिसत होता. हे सगळं त्यांनी १८३९ साली छापून मांडलं. म्हणून चित्रात एखादा रंग चुकलाय असं वाटलं तर लगेच तो खरवडून काढू नका, आधी शेजारचा बदलून बघा.

दुसरी गोष्ट टोनची, म्हणजे रंग किती उजळ किती गडद. माझ्या मते हा रंगाच्या नावापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. लाल आणि हिरवा एकमेकांच्या विरुद्ध असतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण दोघांचा टोन सारखा असेल तर लांबून आकार एकमेकांत विरघळतात. डोळे किलकिले करून चित्राकडे बघा, नाहीतर मोबाईलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा, लगेच कळतं कुठे काय हरवलंय.

आणि सावलीसाठी सरळ ट्यूबमधला काळा ओतू नका. काळ्याने रंग गडद होतो पण बऱ्याचदा मेल्यासारखा होतो. नारिंगी वस्तूची सावली करायची तर त्याच नारिंगीत थोडा निळा घाला, रंग शांत होईल आणि गडद पण. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून छान खोल राखाडी मिळतो, निळा वाढवला की थंड, सिएना वाढवली की उबदार. फक्त तीन-चार रंग एकत्र घोटत बसू नका, चिखल होतो तो तिथेच.

आता रेष. सगळीकडे एकाच जाडीची रेष मारली की वस्तू कातरून चिकटवल्यासारखी दिसते. जिथे उजेड पडतो तिथे रेष बारीक करा, अगदी तुटली तरी चालेल, डोळा ती स्वतः जोडून घेतो. जिथे वस्तू टेबलाला टेकते तिथे दाब द्या, रेष जाड आणि काळी येऊ द्या, वजन त्याने येतं. पेन्सिल लिहिताना धरतो तशी टोकाशी धरू नका, थोडी मागे धरा आणि लांब रेष मनगटाने नाही तर खांद्यातून ओढा. सुरुवातीला थरथरेल, चालू द्या.

हॅचिंग करताना, म्हणजे शेजारी शेजारी रेषा मारून सावली भरताना, रेषा आकाराच्या वळणाने जायला हव्यात. हाताच्या गोल दंडावर सरळ आडव्या रेषा मारल्या तर दंड चपटा होतो. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररची १५१४ सालची ‘मेलनकोलिया’ ही एन्ग्रेव्हिंग (धातूच्या पत्र्यावर रेषा कोरून छापलेलं चित्र) मोठी करून बघा, रंगाचा एक ठिपका नाही आणि तरी कापड, धातू, लाकूड वेगवेगळं ओळखू येतं, ते सगळं रेषांच्या दिशेवर आणि दाटीवर. क्रॉस हॅचिंगमध्ये, म्हणजे रेषांवर रेषांचा दुसरा थर देताना, तो थर बरोबर काटकोनात टाकला तर जाळी दिसायला लागते, थोडा तिरका टाका.

इथूनच पोत सुरू होतो. पोत दोन तऱ्हेचा, एक हाताला लागणारा आणि एक नुसता भासणारा. भासणाऱ्या पोतासाठी दगडाचा प्रत्येक खड्डा काढायची काही गरज नाही. खडबडीतपणा सगळ्यात जास्त दिसतो तो उजेड संपून सावली सुरू होते त्या पट्ट्यात, तिथे मन लावून काम करा, भर उजेडात आणि गडद सावलीत अगदी थोडं पुरतं. आणि शेजारी एक सपाट शांत जागा ठेवाच, सगळंच खरखरीत केलं की काहीच खरखरीत वाटत नाही.

वॉटरकलरमध्ये जवळजवळ कोरडा ब्रश खरबरीत कागदावर आडवा ओढला की दाण्यादाण्यांत पांढरं राहतं, झाडाच्या सालीला हे मस्त. ओल्या वॉशवर (पाणी घालून पसरलेल्या पातळ रंगावर) मीठ टाकायचं असेल तर ओली चमक उतरायला लागली की टाका, फार ओलं असेल तर मीठ विरघळून जातं आणि वाळलं तर काहीच होत नाही. ऑइल, ॲक्रिलिकमध्ये पेंटिंग नाइफने (रंग लावायच्या पात्याने) जाड थर देता येतो, त्याला इम्पॅस्टो म्हणतात. डच चित्रकार रेम्ब्राँच्या उत्तरकाळातल्या पोर्ट्रेट्समध्ये बघा, उजेडाच्या जागी रंग जाड आणि सावल्या पातळ, त्यामुळे खोलीतला खरा उजेड पण त्या जाड रंगावरच अडकतो.

तिन्ही गोष्टी एकत्र बघायच्या तर व्हॅन गॉगचं १८८९ चं ‘स्टारी नाइट’ घ्या, निळ्याशेजारी पिवळा, आणि ब्रशचा प्रत्येक फटकारा हाच रंग, हीच रेष, हाच पोत.

सरावाला घरातली एकच वस्तू घ्या, जुना बूट किंवा लोकरीचा गुंडा. पहिल्या दिवशी फक्त रेषेने काढा, दुसऱ्या दिवशी रेष न वापरता तीनच टोनमध्ये, तिसऱ्या दिवशी दोन विरुद्ध रंगांत आणि पोत फक्त एका पट्ट्यात. तिन्ही भिंतीला लावा आणि चार पावलं मागे जाऊन बघा, पुढच्या वेळी कशावर काम करायचं ते तिथूनच दिसेल.