क्रिप्टोची सुरुवात करताय? पैसे टाकण्याआधी या चुका टाळा

क्रिप्टोत नव्याने उतरलेल्यांचे पैसे भाव पडल्यामुळे बुडतात, असा सर्वसाधारण समज आहे. माझ्या ओळखीत ज्यांचे पैसे गेले, त्यातल्या बहुतेकांच्या बाबतीत भावाचा काही संबंध नव्हता. कुणी चुकीच्या नेटवर्कवर पाठवले, कुणाला वॉलेट परत उघडायचे कागदावरचे शब्द नंतर वाचता आले नाहीत, कुणी विजेचा हिशेब न मांडता माइनिंगचं मशीन विकत घेतलं. बँकेत चूक झाली तर निदान तक्रार करायला एक खिडकी असते. इथे व्यवहार ब्लॉकमध्ये, म्हणजे सामायिक नोंदवहीच्या पानात, बसला की तो मागे फिरवणारं कुणीच नसतं.

म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. मोठी रक्कम टाकण्याआधी अगदी छोट्या रकमेची एक पूर्ण फेरी मारा. थोडंसं विकत घ्या, स्वतःच्या वॉलेटमध्ये (नाण्यांच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या फोनमधल्या अ‍ॅपमध्ये) आणा, ते वॉलेट फोनमधून पुसून टाका, कागदावरच्या शब्दांवरून परत उभं करा आणि तिथून पैसे परत पाठवा. ही फेरी तासाभरात होते, आणि पुढे लिहिलेल्या बऱ्याच चुका तिच्यातच उघड्या पडतात.

शब्द लिहिले, पण तपासले नाहीत

ही चूक मी स्वतः केली आहे. पहिलं वॉलेट उघडलं तेव्हा त्याने दिलेले बारा इंग्रजी शब्द, म्हणजे फोन गेला तरी वॉलेट परत उभं करणारी किल्ली, पेन्सिलीने भरभर उतरवले. थोडे बिटकॉइन आणले आणि सराव म्हणून अ‍ॅप काढून टाकलं. परत टाकून शब्द भरायला बसलो, तर सातव्या शब्दावर हात थांबला. ‘हँड’ की ‘हार्ड’? इंग्रजीत दोघांमध्ये फक्त तिसरं अक्षर वेगळं, एन किंवा आर, आणि माझ्या लपेटीच्या अक्षरात दोन्ही अगदी सारखेच दिसत होते. ‘हँड’ भरलं, अ‍ॅपने शब्द चुकीचे असल्याचं सांगितलं. ‘हार्ड’ भरलं आणि वॉलेट उघडलं. त्या दिवशी आत अगदी किरकोळ रक्कम होती, म्हणून हा प्रसंग शांतपणे निभावला.

हे शब्द ज्या यादीतून निवडले जातात ती 2048 शब्दांची आहे आणि बहुतेक वॉलेटमध्ये तीच असते. यादी बनवताना एक सोय केलेली आहे: पहिल्या चार अक्षरांवरून प्रत्येक शब्द ओळखता येतो. म्हणून शब्द मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहा, क्रमांक घाला, आणि निदान पहिली चार अक्षरं कुणालाही वाचता येतील अशी काढा. शेवटच्या शब्दात पडताळणीचा अंश असतो, त्यामुळे चूक सहसा पकडली जाते. सहसा म्हणतो, कारण बारा शब्दांच्या संचात ही पडताळणी फक्त चार बिटांची असते. म्हणजे साधारण सोळातला एक चुकीचा संच त्यातून निसटतो. तेव्हा वॉलेट कसलीही तक्रार न करता उघडतं, पण ते दुसरंच वॉलेट असतं, आणि रिकामं असतं.

शब्द भरल्यावर शिल्लक शून्य दिसली तर लगेच हाय खाऊ नका. शब्द आणि त्यांचा क्रम बरोबर असेल, तर दोन कारणं उरतात. एक म्हणजे तुम्ही सुरुवातीला शब्दांसोबत वेगळा पासफ्रेज, म्हणजे स्वतः ठरवलेला जादा गुप्त शब्द, ठेवला होता आणि आता तो भरलेला नाही. दुसरं कारण जास्त आढळतं: नवीन अ‍ॅप वेगळ्या प्रकारचे पत्ते शोधतंय. बिटकॉइनचे पत्ते 1, 3 किंवा बीसी1 ने सुरू होतात आणि एकाच शब्दसंचातून हे सगळे प्रकार वेगवेगळ्या वाटांनी तयार होतात. जुना पत्ता 3 ने सुरू होत असेल आणि नवं अ‍ॅप बीसी1 दाखवत असेल, तर सेटिंगमध्ये डेरिव्हेशन पाथ (शब्दांवरून पत्ते काढायची वाट) किंवा खात्याचा प्रकार बदलून पाहा. अशा वेळी पैसे जागेवरच असतात.

शब्दांचा फोटो काढू नका, स्वतःलाच मेल करू नका. फोनमधले फोटो आपोआप क्लाउडवर चढतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच राहत नाही.

एक्स्चेंजमधली शिल्लक म्हणजे आपली नाणी नव्हे

खरेदीबद्दल थोडक्यात सांगतो. एक अख्खा बिटकॉइन घ्यावा लागत नाही. त्याचे 10 कोटी भाग पडतात आणि त्या भागाला सातोशी म्हणतात. ‘बिटकॉइन महाग आहे, म्हणून स्वस्तातलं एखादं नाणं घेऊ’ हा विचार इथेच कोसळतो. एका नाण्याचा भाव कमी असणं आणि नाणं स्वस्त असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकूण नाणी किती, हे पाहिल्याशिवाय भावाला अर्थ नाही. बिटकॉइनची कमाल संख्या 2 कोटी 10 लाख आहे. काही नाणी हजारो अब्जांच्या संख्येत बाजारात सोडलेली असतात.

एक्स्चेंजच्या, म्हणजे नाण्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीच्या, अ‍ॅपवर दिसणारा आकडा म्हणजे ती कंपनी तुम्हाला देणं लागत असल्याची नोंद. माउंट गॉक्स हे एक्स्चेंज 2014 मध्ये दिवाळखोरीत गेलं तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन नाहीसे झाल्याचं सांगण्यात आलं. नंतर त्यातले दोन लाख सापडले. ग्राहकांना काही परत मिळायला मात्र दहा वर्षं लागली. एफटीएक्स या एक्स्चेंजने नोव्हेंबर 2022 मध्ये तोच रस्ता धरला. सौदा करण्यापुरते पैसे तिथे ठेवा, पण पहिल्याच आठवड्यात एकदा तरी पैसे बाहेर काढून पाहा. नव्या खात्यातून पैसे काढण्यावर काही दिवसांची बंदी असू शकते, ओळखपत्राची एखादी पायरी अडलेली असू शकते. हे गरजेच्या दिवशी कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

नेटवर्कची गफलत

सगळ्यात जास्त रडारड मला इथे दिसते. यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं टोकन, म्हणजे दुसऱ्याच्या साखळीवर चालणारं नाणं) हे एकच नाव, पण ते इथेरियमवर चालतं, ट्रॉनवर चालतं, इतरही साखळ्यांवर, म्हणजे नेटवर्कवर, चालतं. ट्रॉनचा पत्ता टी ने सुरू होतो आणि इथेरियमचा 0एक्स ने, त्यामुळे या दोघांची सरमिसळ करू गेलात तर वॉलेट सहसा पत्ताच नाकारतं. खरा धोका दिसायला सारख्या असलेल्या पत्त्यांचा आहे. इथेरियम, बीएनबी स्मार्ट चेन, पॉलिगॉन या सगळ्यांवर पत्ता 0एक्स नेच सुरू होतो, आणि तुमचा पत्ता तिन्हीकडे अक्षरशः तोच असतो. पाठवताना नेटवर्क भलतंच निवडलं तरी कुणी अडवत नाही.

असं झालं तर आधी विचारा: पैसे कुणाच्या पत्त्यावर गेले? स्वतःच्या, म्हणजे शब्द तुमच्याकडे असलेल्या वॉलेटच्या पत्त्यावर गेले असतील तर ते सुरक्षित आहेत. वॉलेटमध्ये ते नेटवर्क जोडा, टोकन जोडा, शिल्लक दिसेल. एक्स्चेंजच्या पत्त्यावर गेले असतील तर प्रायव्हेट की (पैसे हलवायची गुप्त किल्ली) त्यांच्याकडे आहे, आणि ते काढून देणार की नाही हे पूर्णपणे त्यांच्यावर अवलंबून आहे. व्यवहाराचा आयडी, नेटवर्कचं नाव आणि रक्कम लिहून अधिकृत अ‍ॅपमधूनच तक्रार नोंदवा. कुठल्याही चॅट ग्रुपमध्ये ‘मदत हवी’ असं लिहू नका. तिथे पाच मिनिटांत ‘सपोर्ट’ म्हणून मेसेज येतो आणि शेवटी तुमचे बारा शब्द मागितले जातात. ते शब्द मागणारा प्रत्येक माणूस चोर आहे, याला अपवाद नाही.

याच जातीची आणखी एक अडचण आहे. वॉलेटमध्ये यूएसडीटी दिसतात, पण पाठवता येत नाहीत. कारण फी त्या साखळीच्या मूळ नाण्यात भरावी लागते, इथेरियमवर ईथर, ट्रॉनवर टीआरएक्स. पहिल्याच वेळी ते थोडं सोबत आणून ठेवा. एक्सआरपी एक्स्चेंजवर पाठवताना पत्त्यासोबत डेस्टिनेशन टॅग लागतो, स्टेलरला मेमो. तो राहिला तर पैसे एक्स्चेंजपर्यंत पोचतात, पण कुणाच्या खात्यात जमा करायचे हे त्यांना कळत नाही.

आणि पत्ता जुन्या व्यवहारांच्या यादीतून कधीही उचलू नका. तुमच्या नेहमीच्या पत्त्यासारखीच पहिली आणि शेवटची अक्षरं असलेला पत्ता तयार करून त्यावरून तुम्हाला शून्य किंवा नगण्य रक्कम पाठवायची, म्हणजे तो यादीत येऊन बसतो, हा आता नेहमीचा डाव झाला आहे. मधली अक्षरंही जुळवून पाहा.

माइनिंग: आधी वीजमीटर, मग मशीन

माइनिंग म्हणजे मशीनने गणिती कोडी सोडवून व्यवहारांचे ब्लॉक बनवायचे आणि त्याबद्दल नवी नाणी मिळवायची. घरच्या कॉम्प्युटरवर बिटकॉइन माइन करायचे दिवस फार पूर्वीच संपले. ग्राफिक्स कार्ड घेऊन इथेरियम माइन करायचा सल्लाही जुना आहे. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियमने माइनिंगची पद्धतच सोडली, तरी त्याची माहिती देणारे लेख आणि व्हिडिओ अजून फिरत आहेत. बिटकॉइनला आता फक्त त्याच कामासाठी बनवलेली असिक मशीन लागतात, आणि ती दुसऱ्या अल्गोरिदमच्या (गणिती पद्धतीच्या) नाण्याला चालत नाहीत. बिटकॉइनचं मशीन लाइटकॉइनसाठी वापरता येणार नाही.

आता हिशेब करू. अँटमायनर एस19 प्रो हे मशीन सेकंदाला 110 टेराहॅश देतं (हॅश म्हणजे कोडं सोडवायचा एक प्रयत्न, टेरा म्हणजे एक लाख कोटी) आणि 3250 वॅट वीज घेतं. दिवसभर चाललं की 78 युनिट. एप्रिल 2024 च्या हाविंगनंतर, म्हणजे बक्षीस निम्मं झाल्यावर, एका ब्लॉकचं बक्षीस 3.125 बिटकॉइन आहे. दर दहा मिनिटांना एक, म्हणजे दिवसाला साधारण 144 ब्लॉक, म्हणजे जगभरच्या सगळ्या माइनरांना मिळून फीव्यतिरिक्त 450 बिटकॉइन. नेटवर्कचा एकूण हॅशरेट, म्हणजे सगळ्या मशीनचा मिळून वेग, 2024 मध्येच सेकंदाला 600 एक्झाहॅशवर (60 कोटी टेराहॅशवर) पोचला होता. तो आकडा धरला तर या मशीनच्या वाट्याला दिवसाला साधारण 8,250 सातोशी येतात. समोर तुमच्या 78 युनिटचं बिल ठेवा आणि आजचा हॅशरेट घालून गणित पुन्हा करा. दर 2016 ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, ब्लॉक शोधायच्या कोड्याचं काठिण्य नव्याने ठरतं. त्यामुळे ‘इतक्या महिन्यांत मशीनचे पैसे वसूल’ असं छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पूलमध्ये, म्हणजे कमाई वाटून घेणाऱ्या माइनरांच्या गटात, न जाता एकट्याने याच मशीनवर ब्लॉक मिळवायचा म्हटलं, तर वरच्या हॅशरेटला सरासरी शंभराहून जास्त वर्षं लागतील.

मशीन घेतलंच, तर त्याला स्वतंत्र वायरिंग द्या. इतका भार चोवीस तास ओढायला साधा प्लग आणि एक्स्टेंशन बोर्ड बनलेले नाहीत, ते वितळतात. आवाजही इतका असतो की झोपायच्या खोलीशेजारी ते ठेवता येत नाही.

मशीन सेकंडहँड असेल, तर सेटिंगमध्ये पूलच्या तीन जागा असतात त्या तिन्ही तपासा. पहिल्या जागी आपलं नाव घालून लोक मोकळे होतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या जागी जुन्या मालकाचं खातं तसंच राहतं. मग पहिला पूल जरा तुटला की तुमच्या विजेवर त्याची कमाई सुरू होते. फर्मवेअरही (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) निर्मात्याच्या अधिकृत साइटवरून नव्याने टाका. पूलच्या पानावर हॅशरेट कमी-जास्त दिसतो म्हणून लगेच मशीन उघडू नका. पूल तो आकडा मशीनकडून आलेल्या शेअरवरून (केलेल्या कामाच्या पुराव्यांवरून) अंदाजाने काढतो, त्यामुळे चोवीस तासांची सरासरी बघा. तीही कमी असेल तर नाकारलेल्या शेअरचं प्रमाण आणि तापमान पाहा. बहुतेक वेळा धूळ किंवा हवा खेळायला जागा नसणं हेच कारण निघतं.

मशीनशिवाय माइनिंगचं आमिष दाखवणाऱ्या क्लाउड माइनिंगच्या योजनांपासून लांब राहा. मशीन खरंच आहे की नाही, हे तुम्हाला कधीच पाहता येत नाही.

खर्च करायला गेलं की

बिटकॉइनची फी रकमेवर ठरत नाही, व्यवहार किती जागा घेतो यावर ठरते. माइनिंग करणाऱ्यांनी हे आधीच समजून घ्यावं. पूलमधून रोज 2,000 सातोशी मागवले आणि शंभर दिवसांनी ते एकत्र खर्चायला काढले, तर प्रत्येक जमेचा एक असे त्या व्यवहारात शंभर तुकडे जोडले जातात आणि तो साधारण 6,840 व्हीबाइटचा (व्हीबाइट हे त्या जागेचं माप) होतो. एका तुकड्याचा साधा व्यवहार 141 चा असतो. फीचा दर व्हीबाइटला 20 सातोशी असेल तर दोन लाखांपैकी 1,36,800 सातोशी फीतच जातील. पूलमधली किमान रक्कम वाढवून ठेवा, किंवा नेटवर्क शांत असताना तुकडे एकत्र करून घ्या.

काहीजण पैसे पाठवल्यावर एक्स्प्लोररवर (व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर) बघतात आणि घाबरतात, कारण थोडेच पाठवले तरी सगळी रक्कम बाहेर पडलेली दिसते. तिथे दिसणारा दुसरा अनोळखी पत्ता तुमचाच असतो. सुटे पैसे परत यावेत म्हणून वॉलेटने तो तयार केलेला असतो.

आणि व्यवहार अडकला तर? बिटकॉइन घेणाऱ्या दुकानाच्या बिलावर भाव ठराविक मिनिटांपुरताच बांधलेला असतो. कमी फी लावली, वेळ उलटली, पैसे नंतर पोचले, की परताव्यासाठी दुकानदाराच्या मागे लागावं लागतं. म्हणून बिल उघडण्याआधी त्या क्षणी चालू असलेला फीचा दर पाहा. 20 एप्रिल 2024 ला हाविंगच्या दिवशी फी इतकी चढली होती की आदल्या दिवशीचा दर लावणाऱ्यांचे व्यवहार रांगेत पडून राहिले. अडकलेला व्यवहार सोडून घाबरून दुसरा पाठवू नका, दोन्ही पोचू शकतात. वॉलेटमध्ये फी वाढवण्याची सोय असेल, म्हणजे आरबीएफ, तर तोच व्यवहार जास्त फी लावून पुन्हा सोडा. ती सोय नसेल आणि सुटे पैसे तुमच्याकडे परत येणार असतील, तर ते जास्त फी लावून स्वतःलाच पाठवा. माइनर दोन्ही व्यवहार एकत्र उचलतात. काहीच केलं नाही, तरी नेहमीच्या सेटिंगवर चालणारे नोड (नेटवर्क चालवणारे कॉम्प्युटर) 14 दिवसांनी असा व्यवहार रांगेतून काढून टाकतात आणि ते पैसे वॉलेटमध्ये पुन्हा खर्चायला मोकळे होतात.