परदेशी मेडल: आधी कागद, मग छाती

महाड, पोलादपूर, माणगाव, खेड या पट्ट्यात भरतीची यादी लागली की माझा फोन वाजायला लागतो. मी पलटणीत क्लार्क होतो, सुभेदार होऊन घरी आलो, आणि नोकरीचा बराचसा काळ जवानांची मेडलं कागदावर चढवण्यात गेला. पोरं पगार विचारतात, गणपतीला सुट्टी मिळेल का विचारतात. हल्ली त्यात एक नवीन भर पडली आहे: "काका, यूएन मिशनवर गेलो, किंवा परदेशी सैन्याबरोबर सराव केला, आणि त्यांनी मेडल दिलं, तर लावता येतं का?"

येतं. पण ते तू ठरवायचं नसतं.

याचं मूळ राज्यघटनेत आहे, कलम 18 मध्ये. भारताच्या कोणत्याही नागरिकाने परक्या राज्याकडून किताब घ्यायचा नाही, हा त्यातला एक भाग. सरकारी पदावर असलेल्याने राष्ट्रपतींच्या संमतीशिवाय परक्या राज्याकडून भेट, मानधन किंवा पद घ्यायचं नाही, हा दुसरा. शिपायापासून जनरलपर्यंत सगळे यात आले. शिमग्यात गावकीच्या पालखीला बाहेरच्या कुणाला काही वाहायचं असेल तर तो आधी मानकऱ्यांना विचारतो, परस्पर चढवत नाही. वर्दीचंही तसंच. ती घालतोस तू, पण मानकरी सरकार.

इथे हमखास कुणीतरी यशवंत घाडगेंचं नाव काढतो. काढणारच, माणगावात त्यांचा पुतळा आहे आणि पळसगावच्या या मराठा जवानाचा अभिमान सगळ्या तालुक्याला आहे. 10 जुलै 1944 रोजी इटलीत, अप्पर टायबरच्या खोऱ्यात ते पडले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान, मिळाला. "मग तो विलायतेचाच ना?" असा प्रश्न येतो. अरे, त्या वेळी फौजच त्या सरकारची होती. ज्याचं मीठ खाल्लं त्यानेच दिलेला तो सन्मान होता, परक्याने दिलेला नव्हे. 26 जानेवारी 1950 नंतर आपलं सरकार आपलं, परमवीर चक्र आपलं, आणि ब्रिटनही आपल्या दृष्टीने इतर देशांसारखा एक देश. घाडगेंचा दाखला देऊन आजचं परदेशी मेडल लावता येत नाही.

आता यूएनकडे येऊ, कारण तुमच्यातल्या बहुतेकांचा संबंध याच मेडलशी येणार आहे. संयुक्त राष्ट्रं हे काही एक परकं राज्य नाही आणि आपली तुकडी तिथे भारत सरकारनेच पाठवलेली असते, म्हणून हा मार्ग रुळलेला आहे. बहुतेक मिशनांत 90 दिवस सेवा झाली की माणूस पात्र होतो. मग मेडल परेड होते, फोर्स कमांडर किंवा त्यांचा प्रतिनिधी येतो, छातीवर मेडल लागतं. कांस्य रंगाचं, पुढे यूएनचं चिन्ह, मागे शांततेच्या सेवेत अशा अर्थाची इंग्रजी ओळ. मेडल सगळीकडे सारखंच, फीत मात्र मिशनप्रमाणे बदलते. लेबनॉनची वेगळी, दक्षिण सुदानची वेगळी. त्याच मिशनवर पुन्हा गेलास तर दुसरं मेडल मिळत नाही, फितीवर आकडा चढतो. यूएनची निळी बेरे टोपी मिशनपुरती. घरी आल्यावर आपली टोपी, आपला बॅज.

परेडवर लागलं म्हणजे काम संपलं असं समजू नका. परतल्यावर त्याची नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या सेवेतल्या नोंदींच्या युनिटच्या आदेशात, झाली का, रेकॉर्ड ऑफिसला पोचली का, हे स्वतः कंपनी क्लार्कला विचारा. क्लार्क चिडेल, चिडू द्या. नोंद नसेल तर पुढे तुमच्या छातीवरची फीत आणि तुमची कागदपत्रं जुळत नाहीत, आणि मग ड्रेस इन्स्पेक्शनला सुभेदार मेजर साहेब सगळ्यांसमोर जे बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

विदेश सेवा मेडलची यात गल्लत करू नका. ते आपल्याच सरकारचं, 1960 पासूनचं. परदेशात केलेल्या सेवेसाठी, देशाच्या नावाच्या क्लास्पसह, म्हणजे फितीवरच्या धातूच्या पट्टीसह. त्याला परदेशी सन्मानाचे नियम लागत नाहीत.

लावायचा क्रमही ठरलेला आहे. मेडलं डाव्या छातीवर, सगळ्यात मानाचं मेडल बटणांच्या बाजूला, तिथून खांद्याकडे उतरता क्रम. भारताची सगळी मेडलं आधी. अगदी नऊ वर्षांच्या सेवेचं मेडलसुद्धा आधी. त्यानंतर राष्ट्रकुल देशांचे सन्मान आणि अखेरीस इतर. परदेशी मेडल कितीही देखणं असलं तरी त्याची जागा टोकाला. मला हा नियम आवडतो. नऊ वर्षं निमूट नोकरी केलेल्या माणसाला त्यात मान आहे.

खरी अडचण येते ती एखाद्या देशाने थेट तुम्हालाच काही देऊ केलं तर. असा प्रस्ताव साधारणपणे दूतावासामार्फत येतो, आणि युनिट, सेना मुख्यालय, रक्षा मंत्रालय, परराष्ट्र मंत्रालय अशा वाटेने फिरतो. वेळ लागतो. लष्करप्रमुखांचंही असंच सरकारी संमतीने होतं. नोव्हेंबर 2020 मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांना काठमांडूत नेपाळच्या राष्ट्रपतींनी नेपाळी सैन्याचं मानद जनरलपद दिलं. 1950 साली जनरल करिअप्पांपासून चालत आलेली ही प्रथा आहे, आणि नेपाळच्या लष्करप्रमुखांनाही आपल्याकडे तोच मान मिळतो. तिथे व्यक्तीपेक्षा दोन देशांचा व्यवहार मोठा असतो.

सराव संपताना समोरच्या कर्नलने अचानक काही हातात ठेवलं तर? तोंडावर नकार देऊन त्याचा अपमान करू नका. दोन्ही हातांनी घ्या, सॅल्यूट करा, लावू मात्र नका, आणि त्याच दिवशी सीओ साहेबांना, म्हणजे पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरना, लेखी कळवा. नाणं, पॅच, प्रमाणपत्र या आठवणीच्या वस्तू. त्या ट्रंकेत शोभतात. दुसऱ्या सैन्याचा पॅराशूट बिल्ला ही आठवण नव्हे, तो वर्दीवर लावायला परवानगी लागते. महागडी भेट असेल तर ती जाहीर करावी लागते, आणि ठरलेल्या किमतीच्या वरच्या वस्तू परराष्ट्र मंत्रालयाच्या तोषाखान्यात, म्हणजे भेटवस्तूंच्या सरकारी भांडारात, जातात. पूर्वी राजेरजवाड्यांकडे असायचा तसा तोषाखाना दिल्लीत आजही आहे, हे ऐकून आमच्या गावच्या पोरांना फार गंमत वाटते.

फोटोचंही सांगतो. मंजुरी यायच्या आत मेडल लावून काढलेला फोटो आधी घरच्या ग्रुपवर जातो, तिथून गावच्या, आणि गावात बॅनर लागायला वेळ लागत नाही. बॅनरवरचा फोटो मागे घेता येत नाही. आईला दाखवायचंच असेल तर डबीतलं मेडल दाखवा.

नोकरीत असताना मिळालेलं मेडल विकणं, गहाण टाकणं किंवा खराब करणं हा सैन्य कायदा 1950 च्या कलम 54 खाली गुन्हा आहे. निवृत्तीनंतर पद उरत नाही, पण परक्या राज्याचा किताब न घेण्याचं बंधन नागरिक म्हणून कायम राहतं. त्यामुळे पेन्शन आल्यावर कुठल्या देशाने काही देऊ केलं, तरी होकार कळवण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा.